मोटारीची कॉइल : दोष ओळखणे व बदलणे

मोटारगाडी वाटेत बंद पडली म्हणजे बहुतेकांचा पहिला संशय पेट्रोलवर जातो. कोणी टाकीत डोकावून पाहतो, कोणी कार्ब्युरेटर उघडून फुंकतो, कोणी पंपाला दोन टोले देतो. पेट्रोल डोळ्यांना दिसते, त्याचा वास येतो, म्हणून त्याच्याविषयी बोलणे सोपे जाते. ठिणगीचे तसे नाही. ती बंद सिलिंडरच्या आत पडते, आणि ती पडली नाही हेही बाहेरून दिसत नाही. त्यामुळे ठिणगीच्या बाजूचा दोष पुष्कळदा सर्वांत शेवटी सापडतो. तोवर मालकाने तीनचार निर्दोष भागांचे पैसे मोजलेले असतात.

या लेखात त्या बाजूच्या एकाच भागाविषयी, म्हणजे कॉइलविषयी, लिहावयाचे योजिले आहे. ती निवडण्याचे कारण असे की तिचा दोष फसवा असतो. ती पुष्कळदा तापल्यावर बिघडते आणि निवल्यावर सुधारते. गाडी ओढून गॅरेजात नेईपर्यंत सर्व सुरळीत चालू लागलेले असते आणि मिस्त्री म्हणतो, यात तर काहीच नाही. उदाहरणासाठी मी जुनी १४८९ घनसेंटिमीटरची पेट्रोल अँबॅसडर घेतली आहे. अँबॅसडरचे उत्पादन उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली थांबले, तरी काही घरांत ती अजून जपून ठेवलेली आढळते. शिवाय तिच्यात प्रत्येक भाग सुटा आणि हाताशी येणारा असल्यामुळे शिकणाऱ्याला ती सोयीची पडते. आजच्या गाड्यांत रचना बदलली आहे, पण दोष शोधण्याची रीत तीच आहे. तिच्याविषयी पुढे येईलच.

कॉइल काय करते?

बॅटरी देते १२ व्होल्ट. प्लगच्या दोन टोकांमधील फट अँबॅसडरमध्ये सुमारे ०.६ मिलिमीटर असते. फट लहान दिसते खरी, पण दाबलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणातून ती ओलांडण्यास वीजेला हजारो व्होल्टचा दाब लागतो. १२ व्होल्टचे इतके व्होल्ट करण्याचे काम कॉइलकडे आहे.

डबीसारख्या दिसणाऱ्या या कॉइलच्या आत लोखंडी पत्र्यांचा गाभा असतो आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, काही शे फेऱ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, कित्येक हजार फेऱ्यांचे. जाड वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व येते. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडले की हा प्रवाह एकदम तुटतो, चुंबकत्व कोसळते, आणि कोसळताना ते दोन्ही वेटोळ्यांत दाब निर्माण करते. जाड वेटोळ्यात हा दाब दोनतीनशे व्होल्टपर्यंत चढतो. बारीक वेटोळ्यात फेऱ्यांच्या प्रमाणात वाढून वीस हजारांच्या घरात जाऊ शकतो. घरचा नळ जोरात वाहत असताना एकदम बंद केला तर पाइपात धाडकन् आवाज होतो, तो ज्याने ऐकला आहे त्याला ही क्रिया समजण्यास अडचण पडू नये. वाहते ते अडवले की जोर येतो. आणि जितके एकाएकी अडवावे तितका अधिक.

या ‘एकाएकी’लाच महत्त्व आहे. पॉइंट उघडू लागताच त्यांच्यामध्येच ठिणगी पडू पाहते आणि प्रवाह त्या वाटेने रेंगाळतो. तो रेंगाळू नये म्हणून पॉइंटांना समांतर एक कंडेन्सर जोडलेला असतो. त्याची धारणशक्ती साधारणतः ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास. फॅरडे यांनी विद्युत्प्रवर्तनाचा नियम १८३१ साली प्रयोगाने दाखवला. पॅरिसच्या रुमकोर्फ यांनी त्यावर उभारलेली प्रवर्तन-कॉइल पुढे फार नावाजली. आणि तिच्या तुटणाऱ्या टोकांना कंडेन्सर जोडण्याची युक्ती फिझो यांनी १८५३ साली सांगितली. १८४९ साली दातेरी चाक फिरवून प्रकाशाचा वेग मोजणारे ते हेच फिझो. लेनुआर यांनी १८६० साली आपले गॅस-इंजिन पेटवले ते अशाच कॉइलच्या ठिणगीने. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची मोटारीतील जुळणी चार्ल्स केटरिंग यांनी केली आणि ती १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांवर आली. तीच मांडणी पुढे सत्तरऐंशी वर्षे जगभरच्या मोटारींत चालली.

तिच्यावर भार किती पडतो, हे शाळेतल्या गणितानेच काढू. चार सिलिंडरांच्या चार-आघाती इंजिनात दांड्याच्या दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. दांडा मिनिटाला ३००० फेरे घेत असला तर मिनिटाला ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००. एका ठिणगीच्या वाट्याला सेकंदाचा शंभरावा भाग आला. त्यातलाही दोनतृतीयांश वेळच पॉइंट मिटलेले असतात. तेवढ्यात कॉइलने चुंबकत्व साठवावयाचे आणि सोडून द्यावयाचे. बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने पणजीला जाण्यास तीन तास धरले, तर या एका डबीने वाटेत दहा लाखांहून अधिक ठिणग्या दिलेल्या असतात.

तापल्यावर का बिघडते?

कॉइलच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो आणि थरांमध्ये कागद असतो. जुन्या पद्धतीच्या कॉइलमध्ये सर्व पोकळी तेलाने भरलेली असते. तेल आतली उष्णता बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोचवते. वर्षानुवर्षे तापून वार्निश ठिसूळ होते. एखाद्या जागी तार तडकलेली असली तर थंड असताना तिची टोके एकमेकांना टेकून राहतात. तापली की फाकतात आणि मंडल तुटते. दुसरा प्रकार असा की वार्निश गेल्यामुळे शेजारचे दोन फेरे एकमेकांना भिडतात. मग वीज प्लगपर्यंत न जाता आतल्या आतच जिरते. दोन्ही प्रकारांत गाडी तासभर उत्तम चालते, मग चढावर धक्के देऊ लागते, बंद पडते, आणि अर्धा तास सावलीत उभी केली की जणू काही झालेच नाही अशी सुरू होते.

आता अडचण अशी की पेट्रोलच्या बाजूला याच लक्षणांचा एक विकार आहे. इंजिनाच्या उष्णतेने पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते आणि वाफेच्या फुग्यामुळे पेट्रोल पुढे सरकत नाही. मिस्त्री लोक याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. तोही तापल्यावर होतो, तोही निवल्यावर जातो. दोघांची लक्षणे सारखी म्हणून औषध भलत्याच जागी लागते.

२००९ साली आमच्या शेजारच्या काकांच्या अँबॅसडरला असेच झाले. काकूंना तपासणीसाठी पणजीकडे न्यावयाचे होते. महिन्यातून एकदा जाणे ठरलेले. दोन खेपांना गाडी घाटात बंद पडली. पहिल्या खेपेनंतर एका गॅरेजात कार्ब्युरेटर साफ झाला, दुसऱ्या खेपेनंतर पेट्रोलचा पंप नवा बसला आणि टाकी उतरवून धुतली. तिसऱ्या खेपेला काका मला म्हणाले, “मास्तर, या वेळी तुम्ही बरोबर चला. पेट्रोल तापतंय म्हणतात, पण ते कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.” काकांचा हा शेवटचा शब्द मला फार योग्य वाटला. कोणी पाहिलेले नव्हते. गाडी नेहमीच्या चढावर बंद पडली तेव्हा आम्ही प्रथम ती निवू न देता, बॉनेट उघडून, ठिणगी आहे की नाही एवढेच पाहिले. ठिणगी नव्हती. पंपावर ओले फडके ठेवले, फरक पडला नाही. मग कॉइलच्या पत्र्याभोवती ओले फडके गुंडाळले. तिच्या वरच्या तोंडाला पाणी लागू दिले नाही. दहा मिनिटांत ठिणगी परत आली आणि गाडी सुरू झाली. मागच्या सीटवर काकू तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले की आता परत थांबावे लागेल का. थांबावे लागले, एकदा. पण कारण ठाऊक असल्याने फडके आणि पाणी तयार होते. पणजीत नवी कॉइल मिळाली.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट एकच : दोष चालू असतानाच तपासले. निवलेल्या गाडीला प्रश्न विचारून उपयोग नसतो.

तपासाचा क्रम

वाटेत सेल्फ मारमारून बॅटरी उतरवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे कार्ब्युरेटरला ॲक्सिलरेटर पंप असेल तर चावी बंद ठेवून, एअर क्लीनर काढून, थ्रॉटल हाताने हलवावा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली तर पेट्रोल तेथपर्यंत येत आहे. दुसरी ठिणगी. त्यासाठी गाडीत एक चांगला जादा प्लग ठेवावा. कॉइलमधून डिस्ट्रिब्यूटरच्या मध्यभागी जाणारी जाड तार टोपीतून काढून या प्लगला जोडावी, प्लगचा लोखंडी भाग इंजिनाच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारावयास सांगावे. निळसर, टणक, टिकटिक आवाजाची ठिणगी आली तर कॉइल त्या क्षणी तरी काम करीत आहे. पिवळसर, बारीक, मधूनच गळणारी ठिणगी म्हणजे दुबळी ठिणगी. सिलिंडरच्या आतल्या दाबात ती पडेलच असे नाही.

येथे सावधगिरीचे दोन शब्द. सांडलेले पेट्रोल आधी पुसावे आणि ठिणगीची परीक्षा कार्ब्युरेटरपासून दूर करावी. तार व प्लग उघड्या हातात धरू नयेत. रबरी मुठीची पक्कड वापरावी किंवा प्लग आधी टेकवून बांधून ठेवावा. ज्याच्या हृदयाला पेसमेकर बसवलेला आहे त्याने चालू इंजिनाच्या या भागाजवळ येऊच नये.

या मधल्या तारेवर ठिणगी चांगली असून गाडी सुरू होत नसेल तर कॉइलचा नाद सोडावा आणि डिस्ट्रिब्यूटरची टोपी, रोटर आणि प्लगच्या तारा पाहाव्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात टोपीच्या आत दमटपणा धरतो. कोरड्या फडक्याने पुसले की काम होते. टोपीला केसासारखी चीर असून तिच्यात काळी रेघ उमटली असेल तर मात्र पुसून भागत नाही, टोपी बदलावी लागते. तारा काढताना क्रम लिहून ठेवावा; या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे.

ठिणगी नसेल तर पुढचा तपास बारा व्होल्टच्या एका लहान दिव्याने होतो. दिव्याला दोन तारा जोडाव्यात. एक तार गाडीच्या बॉडीला लावून ठेवावी आणि दुसरीचे टोक हातात घ्यावे. कॉइलवर दोन लहान टोके असतात : एकावर चावीकडून प्रवाह येतो, दुसऱ्यातून तो पॉइंटांकडे जातो. जुन्या कॉइलवर त्यांपुढे एस-डब्ल्यू आणि सी-बी अशी अक्षरे असत, पुढे अधिक-उणे चिन्हे आली. चावी चालू करून दिव्याचे टोक पहिल्याला लावावे. दिवा लागला नाही तर प्रवाह कॉइलपर्यंत पोचतच नाही. चावीचा स्विच, सैल झालेले टोक किंवा तुटलेली वायर यांत दोष आहे, आणि कॉइल बदलून काहीही होणार नाही.

दिवा लागला तर टोक दुसऱ्याला, म्हणजे पॉइंटांच्या बाजूला, लावावे आणि सेल्फ मारावयास सांगावे. दिवा लुकलुकला पाहिजे. पॉइंट उघडले की पेटतो, मिटले की विझतो. तो सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटूनही त्यांच्यावरच्या काजळीमुळे प्रवाह जात नाही, किंवा डिस्ट्रिब्यूटरमधली लहान वायर आतून तुटली आहे. ही वायर पॉइंटाच्या पट्टीबरोबर सारखी वाकत असल्याने आवरण शाबूत राहून आतले तांबे तुटलेले पुष्कळदा आढळते.

दिवा मुळीच लागला नाही तर दोन शक्यता उरतात, आणि त्या वेगळ्या करण्याची युक्ती मला फार आवडते. दुसऱ्या टोकावरून पॉइंटांकडे जाणारी वायर काढून टाकावी आणि दिवा पुन्हा त्याच टोकाला लावावा. आता लागला तर कॉइलचे जाड वेटोळे अखंड आहे. प्रवाह पुढे कोठेतरी बॉडीला भिडत होता. कंडेन्सर आतून फुटला असेल, पॉइंट चिकटले असतील, किंवा वायरीचे आवरण घासले असेल. आताही लागला नाही तर जाड वेटोळे तुटले आहे आणि कॉइल गेली हे निश्चित झाले. एक वायर सोडून जोडण्याने संशयितांची संख्या निम्मी होते.

राहिला शेवटचा प्रकार : दिवा नीट लुकलुकतो, पण ठिणगी नाही किंवा दुबळी आहे. येथे कंडेन्सर आणि कॉइल हे दोघेच उरतात. कंडेन्सर स्वस्त, म्हणून आधी तो बदलून पाहावा. हा कंजूषपणा नव्हे. कंडेन्सर आतून सुटलेला असेल तर पॉइंटांमध्ये मोठी ठिणगी उडताना दिसते आणि त्यांचे तोंड जळून काळेनिळे झालेले असते. नवा, खात्रीचा कंडेन्सर लावूनही ठिणगी आली नाही, तर दोष कॉइलच्या बारीक वेटोळ्यात आहे.

मीटरने मोजणे

घरी मल्टीमीटर असेल तर मोजमाप घेता येते. कॉइलच्या सर्व वायरी काढून दोन लहान टोकांमधला अवरोध मोजावा. बॅलास्ट नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलला तो ३ ओमच्या थोडा वर असतो. मधले तोंड आणि एक लहान टोक यांमधला, म्हणजे बारीक वेटोळ्याचा, अवरोध साधारणतः पाच ते पंधरा हजार ओमांच्या दरम्यान मिळतो. नेमका आकडा त्या त्या कॉइलच्या माहितीपत्रकाशी ताडून घ्यावा.

येथे पदार्थविज्ञानाचा एक धडा कामी येतो. तांब्याचा अवरोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशांना ३.२ ओम असलेले वेटोळे ८५ अंशांना ३.९ ओमच्या वर दाखवील. हा दोष नव्हे, धातूचा स्वभाव आहे. प्रवाहही त्याप्रमाणे ३.७५ अँपिअरवरून ३ अँपिअरच्या आसपास उतरतो, म्हणून धडधाकट कॉइलचीही ठिणगी तापल्यावर किंचित मंदावते. पण तापल्यावर आकडा एकदम अनंतावर गेला, किंवा नाचू लागला, तर तार आत तडकली आहे.

मीटरच्या साक्षीला एक मर्यादा आहे. मीटर मोजतो एकदोन व्होल्टांनी, आणि कॉइलला काम करावयाचे असते हजारो व्होल्टांत. ज्या जागी वार्निश पातळ झाले आहे तेथे मीटरला काही दिसत नाही. वीस हजारांचा दाब आला की तेथूनच वीज उडी मारते. म्हणून मीटरने दोषी ठरवलेली कॉइल खरोखर दोषी धरावी, पण मीटरने सोडून दिलेली निर्दोष असेलच असे समजू नये. शंका राहिली तर कोणाची तरी चांगली कॉइल तात्पुरती जोडून तोच चढ पुन्हा चढून पाहावा. ही कसोटी जुनी आहे आणि अजून हिच्यावर विश्वास ठेवण्यासारखा आहे.

बदलताना

नवी कॉइल घेताना आकार जुळला म्हणजे झाले असे नव्हे. काही गाड्यांत कॉइलच्या आधी एक बॅलास्ट रेझिस्टर असतो आणि तेथे सुमारे दीड ओमची कॉइल लागते. अशी दीड ओमची कॉइल बॅलास्ट नसलेल्या गाडीला लावली तर १२ भागिले १.५, म्हणजे ८ अँपिअरपर्यंत प्रवाह जाऊ शकतो. ठिणगी पहिल्या दिवशी झकास पडते, मग पॉइंट जळतात आणि पाठोपाठ कॉइलही. उलट केले तर ठिणगी दुबळी. दुकानात मीटर लावून पाहिल्याखेरीज कॉइल घेऊ नये. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

बॅटरीचे बॉडीकडचे टोक आधी सोडावे. जुन्या कॉइलवरच्या वायरींना कागदाची खूण बांधावी. बोल्ट सोडून जुनी उतरवावी, पट्टीखालची जागा घासून स्वच्छ करावी आणि नवी घट्ट बसवावी. पट्टी सैल राहिली तर कॉइल हादरते आणि तिची उष्णताही बॉडीत जात नाही. जाड तारेचे टोक तोंडात पुरते खाली दाबावे. अर्धवट बसले तर आतल्या आत ठिणगी उडून पितळ हिरवे-काळे पडते.

लहान वायरींची अदलाबदल झाली तरी गाडी चालते, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे कळत नाही. प्लगच्या मधल्या टोकाकडे ऋण दाब येईल अशी जोडणी असावी लागते, कारण मधले टोक अधिक तापलेले असते आणि तापलेल्या धातूतून ऋणकण सहज सुटतात. उलट जोडणीत त्याच ठिणगीसाठी बराच अधिक दाब लागतो. जुन्या ब्रिटिश घडणीच्या पुष्कळ गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला असे, पुढे ऋण टोक बॉडीला आले. आपल्या गाडीत कोणते आहे ते पाहून मगच जोडावे. पॉइंटांचे तोंड साफ करून त्यांची फट फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी.

एवढे केल्यावर गाडी सुरू होते आणि बहुतेक जण हात पुसतात. पण कॉइल गेली का, हे विचारले नाही तर नवीही त्याच वाटेने जाते. नेहमी आढळणारे कारण म्हणजे इंजिन बंद ठेवून चावी चालू ठेवण्याची सवय. रेडिओ ऐकत मुले गाडीत बसली आहेत, पॉइंट नेमके मिटलेले आहेत. अशा वेळी कॉइलमधून सुमारे पावणेचार अँपिअर सतत वाहतात. १२ ला ३.७५ ने गुणले की ४५ वॉट झाले. ही एखाद्या डाग देण्याच्या विजेच्या कावियेची उष्णता झाली, आणि ती मुठीएवढ्या बंद डबीत कोंडली जाते. दुसरे कारण चार्जिंगचा दाब. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टांच्या आसपास दाब असावा. रेग्युलेटर बिघडून तो १५ च्या वर गेला तर कॉइल भाजून निघते. तिसरे कारण प्लग. प्लगची टोके झिजून फट वाढली की कॉइलला दरवेळी अधिक दाब चढवावा लागतो, आणि दुबळे वार्निश त्याखाली फुटते. म्हणून कॉइलबरोबर प्लग काढून पाहणे अवश्य आहे.

आजच्या गाड्यांत

आज नव्या मोटारीत पॉइंट राहिलेले नाहीत. प्रवाह तोडण्याचे काम ट्रान्झिस्टर करतो आणि केव्हा तोडावयाचा ते गाडीतला संगणक ठरवतो. पुष्कळ गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरही नाही. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची लहान कॉइल बसवलेली असते. या रचनेत उघड्या ठिणगीची जुनी परीक्षा करू नये. दाब अधिक असतो, माणसाला धोका आहे आणि महागडा संगणकही जाण्याचा संभव आहे.

मात्र येथे रोगी स्वतःच बोलतो. ठिणगी चुकली की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागतो आणि स्कॅनर लावला की क्रमांक मिळतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरात पेट चुकते, पी ०३०३ म्हणजे तिसऱ्यात. पी ०३०० म्हणजे कोणत्याही एकात नव्हे, अनेकांत. या क्रमांकाने सिलिंडर सांगितला, दोषी भाग सांगितलेला नाही. तिसऱ्यात पेट चुकते ती कॉइलमुळे, प्लगमुळे, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमुळे, की दट्ट्याची हवा सुटते म्हणून, हे अजून ठरावयाचे आहे. काही गॅरेजांत क्रमांक वाचताच चारही कॉइलींचा सेट बदलण्याचा सल्ला मिळतो. तसे करण्यापूर्वी इंजिन बंद करून, निवू देऊन, तिसरी कॉइल पहिल्या जागी आणि पहिली तिसऱ्या जागी बसवावी आणि जुना कोड पुसून गाडी चालवावी. कोड पी ०३०१ झाला तर दोष कॉइलबरोबर हलला, म्हणजे कॉइलच दोषी. तो पी ०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष ठरली. आता त्याच रीतीने प्लग हलवावा. या तपासाला एक पाना आणि अर्धा तास पुरतो.

कॉइल उपसताना तिच्या जोडणीची प्लास्टिकची कडी उष्णतेने ठिसूळ झालेली असते, ती ओढून तोडू नये. प्लगच्या खोल खड्ड्यात पाणी किंवा तेल साचले आहे का पाहावे. तेल असेल तर वरच्या झाकणाचे पॅकिंग गळत आहे आणि ते न बदलता घातलेली नवी कॉइल टिकणार नाही.

इंजिनाचा दिवा नुसता पेटलेला न राहता लुकलुकू लागला, तर तो तातडीचा इशारा समजावा. न पेटलेले पेट्रोल धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि त्याची आतली जाळी वितळू शकते. कॉइलच्या कित्येक पट किमतीचा तो भाग आहे. अशा वेळी वेग उतरवून गाडी बाजूला घ्यावी. दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी तापेपर्यंत आणि शक्य तर चढावर चालवावी, मग स्कॅनरने पुन्हा वाचावे. तोपर्यंत जुनी कॉइल फेकून देऊ नये.